वरच्या मजल्यावर रात्री दोनपर्यंत गाणी, आणि घरमालक फोन उचलत नाहीत

पत्र

नमस्कार ताई. जुलैपासून आम्ही सिंहगड रस्त्यावरच्या एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. लीव्ह अँड लायसन्सचा अकरा महिन्यांचा करार आहे, रजिस्टर केलेला. भाडं २१ हजार, डिपॉझिट ७५ हजार, सहा महिने लॉक-इन, म्हणजे तोवर घर सोडता येत नाही. गणपती झाल्यावर आमच्या डोक्यावरच्या फ्लॅटमध्ये चार-पाच मुलं राहायला आली. आठवड्यातले चार दिवस तरी रात्री अकरापासून दीड-दोनपर्यंत मोठ्या स्पीकरवर गाणी चालतात, मॅच असली की आरडाओरडा, वर खुर्च्या ओढणं. मिस्टर चाकणला कंपनीत आहेत, फर्स्ट शिफ्टला सव्वापाचला घर सोडतात. मुलगी दहावीला आहे, कानात कापूस घालून अभ्यास करते. दोनदा वर जाऊन सांगितलं. दोन दिवस शांत, मग पुन्हा तेच. घरमालक आधी म्हणाले, ‘थोडं अ‍ॅडजस्ट करा, नाहीतर दुसरं घर बघा.’ आता फोनच उचलत नाहीत. मेसेज वाचतात, उत्तर देत नाहीत. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात, भाडेकरूची तक्रार आम्ही घेत नाही, मालकाला पाठवा. पोलिसांत गेलो तर मालक घर खाली करायला लावतील अशी भीती वाटते. मिस्टरांचं म्हणणं, भाडंच थांबवू, मग मालक धावत येतील. इंटरनेटवर वाचलं की भाडेकरूला शांततेत राहण्याचा हक्क असतो आणि तो मिळाला नाही तर भाडं थांबवता येतं. हे खरं आहे का? आम्ही काय करावं?
— एक वाचक, पुणे

उत्तर

आधी भाड्याचं बोलते, कारण महिन्याची एक तारीख जवळ आली आहे. भाडं थांबवू नका. एक दिवसही उशीर करू नका, आणि रोख देत असाल तर या महिन्यापासून बँकेतून पाठवा.

तुम्ही जे वाचलंत ते बहुतेक परदेशातल्या कायद्याचं आहे. आपल्याकडे मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ च्या कलम १०८ मध्ये शांततेने उपभोग घेऊ देण्याचं आश्वासन आहे, पण ते भाडेपट्ट्यासाठी आहे. शिवाय तिऱ्हाइताने केलेल्या गोंगाटाची हमी त्यात नाही. वरचा फ्लॅट तुमच्या मालकाचा नसेल, तर त्या मुलांचा गोंगाट त्यांच्या माथी मारता येत नाही. वरचा फ्लॅटही यांचाच निघाला तर गोष्ट वेगळी, तेवढं एकदा सोसायटीच्या ऑफिसातून विचारून घ्या. शिवाय तुमच्या हातात भाडेपट्टा नाही, लीव्ह अँड लायसन्स आहे. म्हणजे घरात राहण्याची परवानगी. घरात तुमचा हक्क त्याने निर्माण होत नाही.

भाडं थांबवलं की काय होतं ते मी कोर्टाच्या व्हरांड्यात पुष्कळदा पाहिलं आहे. एका कुटुंबाचं गाऱ्हाणं शंभर टक्के खरं होतं. गळकी भिंत, बुरशी, मुलाला दमा. रागाने तीन महिने भाडं दिलं नाही. त्या दिवसापासून भिंत मागे पडली आणि ‘थकबाकीदार भाडेकरू’ एवढंच पुढे राहिलं. मालकाने करार संपवला, डिपॉझिटमधून थकबाकी कापली आणि वर नोटीस पाठवली. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम २४ खाली लायसन्सची मुदत संपल्यावर घर सोडलं नाही तर सक्षम प्राधिकारी घर खाली करण्याचा आदेश देतो आणि तोवरच्या काळासाठी दुप्पट रकमेचा भार बसतो. मिस्टरांचा राग मला समजतो. अर्धवट झोप घेऊन मशिनपुढे उभं राहणाऱ्या माणसाचा राग आहे तो. पण आज तुमची बाजू स्वच्छ आहे, ती स्वच्छच ठेवा.

आता तुमच्या प्रश्नाच्या मुळाशी येते. तुम्ही, सेक्रेटरी आणि मालक, तिघांनीही एक गोष्ट धरून चालली आहे की भाडेकरूची शांतता मालकाच्या मर्जीवर असते. तसं नाही. रात्री झोप मिळण्याचा तुमचा हक्क तुम्ही त्या घरात राहता म्हणून आहे. सातबारा, शेअर सर्टिफिकेट, इंडेक्स टू या मालकीच्या कागदांचा त्याच्याशी काही संबंध नाही. ध्वनिप्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम २००० मध्ये ‘कोणतीही व्यक्ती’ तक्रार करू शकते असं म्हटलं आहे, ‘घरमालक’ असं नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली आवाजाच्या प्रकरणात स्पष्ट सांगितलं की आवाज करण्याचा मूलभूत हक्क कोणी सांगू शकत नाही, आणि नको असलेला आवाज कानावर न पडणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे.

नियम सोपे आहेत. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. दोन माणसं समोरासमोर नेहमीच्या आवाजात बोलतात तेव्हा साधारण ६० डेसिबल होतात, त्यावरून ४५ किती कमी आहे ते ध्यानात येईल. खासगी जागेतल्या साउंड सिस्टिमचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त जाता कामा नये. मर्यादेपेक्षा १० डेसिबल किंवा अधिक आवाज असेल, किंवा रात्रीच्या निर्बंधांचा भंग होत असेल, तर तक्रार करता येते. तुमच्या छताच्या पंख्यापाशी बास घुमत असेल तर ही रेषा कधीच ओलांडली गेली आहे.

पण सगळा आवाज एका पिशवीत भरू नका. हे मी प्रत्येकाला सांगते, कारण तक्रार इथेच फसते. वर माणसं राहतात म्हटल्यावर पावलं वाजणार, सकाळी मिक्सर चालणार, एखाद्या रात्री बाळ रडणार, कुणी उशिरा येऊन आंघोळ करणार. हा राहण्याचा आवाज, त्यावर कुठलाही कायदा चालत नाही आणि चालू नये. रात्री साडेबाराला स्पीकर आणि सामन्याचा जल्लोष हा त्रासाचा आवाज. तुमच्या पत्रात दोन्ही एकत्र आले आहेत. खुर्च्या ओढण्याचा प्रश्न पोलिसांपुढे नेऊ नका. खुर्च्यांच्या पायांना लावायची रबरी टोपणं हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. एका रविवारी दुपारी, उजेडात, दोघांनी मिळून वर जा आणि ती टोपणं स्वतः घेऊन जा. रात्री बाराला चिडून ठोठावलेलं दार आणि दुपारी चारला वाजवलेली बेल यांत फरक पडतो. त्या मुलांतल्या एकाचा तरी नंबर घ्या. मिस्टर किती वाजता उठतात, मुलगी कितवीला आहे, हे त्यांना सांगितलंत का? पत्रावरून वाटतं, तुम्ही ‘आवाज कमी करा’ एवढंच सांगितलंत. बावीस-तेवीस वर्षांच्या मुलांना खालच्या घरात पहाटे चारचा गजर लागतो हे माहीतच नसतं.

त्यानंतरही गाणी चालू राहिली तर मग कागद सुरू करा.

एक साधी दोनशे पानी वही घ्या. प्रत्येक वेळी तारीख, सुरू झाल्याची वेळ, बंद झाल्याची वेळ, कसला आवाज, तुम्ही काय केलंत. असं लिहा: ‘१२ नोव्हेंबर, बुधवार. रात्री ११.४० ते १.५५. गाणी, बास फार. ११.५० ला मेसेज केला, उत्तर नाही. १२.२० ला वॉचमनला वर पाठवलं. मुलगी हॉलमध्ये येऊन झोपली.’ एवढंच. विशेषणं नकोत, शिव्या तर नकोतच. फोनवरची डेसिबल मोजणारी अ‍ॅप्स पुराव्याच्या पातळीची नसतात, पण आकडा वहीत लिहून ठेवायला हरकत नाही. आवाजाचं रेकॉर्डिंग तुमच्या घरात, तुमच्या खिडक्या लावून, भिंतीवरचं घड्याळ दिसेल असं करा. त्यांच्या दारात जाऊन, त्यांच्या तोंडावर मोबाइल धरून व्हिडिओ काढू नका. तसं केलंत की भांडणाचा विषय गाणी राहत नाही, तुमचा मोबाइल होतो.

दोन आठवड्यांची वही झाली की मालकांना पत्र. फोन नाही, मेसेजही नुसता नाही. फोन न उचलणं सोपं असतं, पोच घेऊन आलेलं पत्र नाकारणं तितकं सोपं नसतं. करारावर जो पत्ता आहे त्यावर स्पीड पोस्टाने पाठवा, पावती वहीत चिकटवा, आणि त्याचाच फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर आणि ईमेलवर टाका. मजकूर साधारण असा असू द्या:

‘मा. महोदय, आपल्या फ्लॅटमध्ये आम्ही दि. १ जुलैपासून नोंदणीकृत करारानुसार राहतो. ठरलेली रक्कम आम्ही दरमहा वेळेवर देत आहोत. सप्टेंबरपासून वरील फ्लॅटमधून रात्री १० नंतर मोठ्या आवाजात संगीत चालते. तारखा व वेळा सोबत जोडल्या आहेत. आपण सोसायटीचे सभासद असल्याने आपणास विनंती की, १) आपल्या सहीने सोसायटीकडे लेखी तक्रार द्यावी. २) या विषयात सोसायटीशी व पोलिसांशी पत्रव्यवहार करण्यास आम्हाला अधिकारपत्र द्यावे. ३) पंधरा दिवसांत फरक न पडल्यास लॉक-इनची अट न लावता, घराचा ताबा देताना पूर्ण डिपॉझिट परत करून आम्हाला मोकळे करण्यास लेखी संमती द्यावी.’

तिसऱ्या मुद्द्याची तुम्हाला आज गरज वाटणार नाही. तरी लिहा. मालकांना त्रासात पडायचं नाही, हे तुमच्या पत्रावरून दिसतंच आहे. पहिल्या दोन मागण्यांसाठी त्यांना एक कागद लिहून दोन सह्या करायच्या आहेत. तिसरीसाठी ७५ हजार परत करून नवा भाडेकरू शोधायचा आहे. तिन्ही समोर ठेवल्या की बहुतेक माणसं सह्या करतात.

सेक्रेटरींचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. सोसायटीच्या दृष्टीने सभासद तुमचे मालक, तुम्ही नाही. उपविधींखाली, म्हणजे सोसायटीच्या नियमांखाली, तक्रार करण्याचे, सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे जाण्याचे हक्क सभासदाचे असतात, म्हणूनच मालकांची सही मागा म्हणते. पण ‘भाडेकरूची तक्रार आम्ही घेत नाही’ हे कुठल्या उपविधीत लिहिलं आहे, ते त्यांना विनम्रपणे विचारा. सभासदाने आपल्या गाळ्यात इतरांना उपद्रव होईल असं काही करू नये, हा नियम आदर्श उपविधींत आहे, आणि वरच्या फ्लॅटचे मालकही सभासदच आहेत. आपल्या घरात ठेवलेल्या माणसांच्या वागण्याचा जाब त्यांना विचारायला समितीला तुमची तक्रार पुरते. भाड्याने राहणाऱ्याला नाममात्र सभासद करून घेण्याची सोय तुमच्या सोसायटीत असेल तर त्याचा अर्ज मागून घ्या. मताचा हक्क त्याने मिळत नाही, पण सोसायटीच्या दप्तरात तुमचं नाव लागतं, आणि नाव लागलेल्या माणसाला ‘तुम्ही कोण’ असं विचारता येत नाही. समितीकडे लेखी तक्रार गेली की पुढच्या सभेत निर्णय घेऊन तो पंधरा दिवसांत कळवावा, अशी उपविधींची पद्धत आहे. अर्जाच्या दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि सही-शिक्का घेतल्याशिवाय ऑफिसातून उठू नका.

अजून एक. तुमच्या सोसायटीत या निमित्ताने कुणीतरी म्हणेल, ‘बॅचलर मुलांना घरच द्यायचं नाही असा ठराव करू.’ त्याला तुमची साथ देऊ नका. वरच्या पाच मुलांनी रात्री गाणी लावली, म्हणून शहरातल्या एकट्या राहणाऱ्या प्रत्येक मुलावर दार बंद होणं हा अन्याय आहे. चार वर्षांनी तुमची मुलगी शिकायला किंवा नोकरीला दुसऱ्या शहरात जाईल आणि असल्याच ठरावाच्या दारात उभी राहील. तक्रार आवाजाची आहे, तेवढीच ठेवा. त्या मुलांचं खाणं, कपडे, मैत्रिणी यांतलं काहीही तुमच्या अर्जात येऊ देऊ नका. आलं की तक्रारीची धार जाते.

पोलिसांची भीती. तुमच्यासारख्या किती बायका हीच भीती घेऊन गप्प बसतात ते मला माहीत आहे. रात्री दहानंतर गाणी सुरू झाली की ११२ ला फोन करा, पत्ता आणि मजला सांगा. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाउडस्पीकरच्या प्रकरणात पोलिसांना सांगितलं आहे की अशा तक्रारीवर कारवाई करताना तक्रारदाराची ओळख मागू नये आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला ती कळू देऊ नये. फोनवर तेवढं सांगा: ‘माझं नाव वर सांगू नका.’ बीट मार्शल, म्हणजे गस्तीवरचे पोलीस, येतील, वर जाऊन समज देतील. पहिल्या वेळी एवढंच होतं, आणि पुष्कळदा तेवढं पुरतं. किती वाजता फोन केला, किती वाजता गाडी आली, ते वहीत लिहा.

तीन-चारदा हे करून फरक पडला नाही तर दिवसा पोलीस ठाण्यात जा आणि वरिष्ठ पोलीस निरीक्षकांच्या नावे लेखी अर्ज द्या. सोबत वहीच्या पानांच्या झेरॉक्स, मालकांच्या पत्राची प्रत आणि सोसायटीच्या पोचेची प्रत जोडा. ठाणे अंमलदाराने ‘हे आपापसात मिटवा’ म्हटलं तर शांतपणे सांगा की अदखलपात्र असला तरी गुन्हा नोंदवून एनसीची, म्हणजे त्या अदखलपात्र नोंदीची, प्रत द्या. सार्वजनिक उपद्रवाला भारतीय न्याय संहितेच्या कलम २९२ खाली १,००० रुपयांपर्यंत दंड आहे. रक्कम लहान आहे, पण त्या मुलांच्या घरमालकाला पोलीस ठाण्यातून फोन जाणं लहान नसतं. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३८ मध्ये एखाद्या जागेतलं संगीत किंवा गोंगाट लेखी आदेशाने थांबवण्याचा अधिकार पोलीस आयुक्तांना आहे. अर्जात या कलमाचा उल्लेख करा. समोरच्याला कळतं की तुम्ही वाचून आला आहात.

सार्वजनिक उपद्रव म्हणायला एक घर पुरत नाही. शेजारच्या आणि दुसऱ्या मजल्यावरच्या लोकांनाही त्रास होतच असणार. पाचव्या मजल्यावर तर नक्की. एका रविवारी चहाला बोलवा. चार सह्या झाल्या तर अर्जाचं वजन चौपट होतं, आणि कुणी सही दिली नाही तरी किमान वैर घेणार नाहीत. सही द्यायला कचरणाऱ्याला ‘तुम्ही फक्त एक दिवस तुमची वेळ लिहून द्या’ एवढंच मागा.

हे सगळं केल्यावर मालक चिडले तर? ‘पोलीस माझ्या घराच्या दारात आले, निघा’ म्हणाले तर? त्यांच्या म्हणण्याने तुम्ही आजच्या आज निघत नाही. करारात मुदतीआधी घर परत घेण्याची जी अट आणि जी नोटीस लिहिली आहे, तिच्याप्रमाणेच त्यांना जावं लागेल. बहुतेक करारांत ती एक महिन्याची असते, आणि लॉक-इन दोघांनाही बांधणारं आहे का ते त्या वाक्यात बघा. काही करारांत ते फक्त तुम्हाला बांधतं. अशी नोटीस त्यांनी दिली तर अकरा महिने राहण्याची हमी तुमच्याकडे नाही, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. लीव्ह अँड लायसन्सचा कमकुवतपणा तोच आहे. पण कुलूप बदलणं, सामान जिन्यात काढणं, पाणी बंद करणं हे कायद्यात बसत नाही. तसं झालं तर त्याच रात्री पुन्हा ११२, आणि सकाळी वकील.

तुमचा करार रजिस्टर आहे, हे फार चांगलं आहे. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असण्याची जबाबदारी मालकाची असते. तो तसा नसेल तर अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते खरं धरलं जातं, जोवर उलट सिद्ध होत नाही, आणि मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. वरच्या फ्लॅटच्या मालकांनी त्या मुलांचा करार रजिस्टर केला आहे का आणि पोलिसांना भाडेकरूची माहिती दिली आहे का, हे सेक्रेटरींना नक्की विचारा. केलेलं नसेल तर ते मालक तुमच्या तक्रारीकडे फार काळ पाठ फिरवणार नाहीत.

दिवाणी कोर्टात जाऊन मनाई हुकूम मागता येतो, तो रस्ता आहे. पण दहावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये आहे आणि कोर्टाच्या तारखा कुणाच्या परीक्षेसाठी थांबत नाहीत. त्याआधी शिवाजीनगर कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जा. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ प्रमाणे स्त्रियांना मोफत कायदेशीर मदत मिळते, उत्पन्न कितीही असो. म्हणून अर्ज तुमच्या नावाने करा, मिस्टरांच्या नाही. खटला न भरता दोन्ही बाजूंना बोलावून मध्यस्थी करायला सांगा. विधी सेवेची राष्ट्रीय हेल्पलाइन १५१००. तिथून आलेल्या पत्राला वरच्या फ्लॅटचे मालक उत्तर देतात, असा माझा अनुभव आहे.

मुलीबद्दल. कानातला कापूस काढायला लावा. आवाज तर थांबत नाहीच, कापूस आत ढकलला जाऊन कान दुखायला लागतो. केमिस्टकडे फोमचे इअरप्लग मिळतात, बोटांनी वळून कानाच्या आत हलकेच बसवायचे. वरच्या मुलांचा स्पीकर कुठल्या खोलीत आहे ते ऐकून ठरवा आणि तिची अभ्यासाची जागा त्या खोलीखालून हलवा, स्वयंपाकघरात टेबल मांडायला लागलं तरी चालेल. तुमच्या भागातली एखादी अभ्यासिका रात्री नऊपर्यंत उघडी असेल तर परीक्षेपर्यंतची फी भरा. तिला ‘आम्ही यावर काहीतरी करतोय’ हे सांगा, वही दाखवा. घरातली मोठी माणसं हतबल आहेत असं वाटत राहिलं की मुलांना पुस्तकातलं काही दिसत नाही.

आणि घर सोडावंच लागलं तर. तुमचं लॉक-इन ३१ डिसेंबरला संपतं. करारात ‘लॉक-इननंतर एक महिन्याची नोटीस’ असं असेल तर १ जानेवारीला नोटीस द्यावी लागेल आणि बाहेर पडाल ३१ जानेवारीला. नोटीस लॉक-इन चालू असताना देता येते असं वाक्य असेल तर १ डिसेंबरला देऊन वर्षअखेर मोकळे व्हाल. ते वाक्य आज रात्री काढून वाचा. परीक्षा तोंडावर आलेली असताना सामान हलवायचं की मार्चअखेरपर्यंत थांबायचं, हे तुम्ही तिघांनी ठरवा. माझं मत विचाराल तर, पोलिसांच्या दोन फेऱ्यांनंतर गाणी निम्म्यावर आली तरी परीक्षा याच घरात होऊ द्या. लॉक-इन मोडून निघावं लागलं तरी उरलेल्या महिन्यांचं सगळं भाडं आपोआप मालकांचं होत नाही. भारतीय करार अधिनियम १८७२ च्या कलम ७४ मध्ये वाजवी भरपाईच मिळते, आणि पुढच्या आठवड्यात नवा भाडेकरू आला असेल तर नुकसान किती झालं हे त्यांना सांगावं लागेल. तुमची वही, पत्रं आणि पोच इथे उपयोगी पडतात.

निघताना किल्ली देण्याआधी प्रत्येक खोलीचा, नळांचा, भिंतींचा व्हिडिओ काढा, वीजमीटरचा फोटो काढा, आणि ‘ताबा मिळाला, डिपॉझिटमधून अमुक रक्कम वजा, बाकी अमुक तारखेला दिली’ एवढं कागदावर लिहून त्यांची सही घ्या. किल्ली आणि पैसे एकाच वेळी हातात बदलू द्या. ‘नंतर ट्रान्सफर करतो’ म्हणाले तर किल्लीही नंतर.

पुढचं घर बघाल तेव्हा एकदा रात्री अकराला त्या इमारतीखाली जाऊन दहा मिनिटं उभे राहा. आणि करारात एजंटला हे वाक्य टाकायला सांगा (परवानाधारक म्हणजे तुम्ही): ‘शेजाऱ्यांच्या उपद्रवाबद्दल परवानाधारकाने लेखी कळवल्यापासून पंधरा दिवसांत मालक सोसायटीकडे लेखी तक्रार देतील, तसे न केल्यास परवानाधारकास लॉक-इनची अट लागू राहणार नाही.’ एजंट म्हणेल, असं कुणी टाकत नाही. टाका म्हणावं.